खाणीतला नको, यंत्रातला नको

साखरपुड्याच्या अंगठीसाठी गौरवीने एकच अट घातली होती: हिरा खाणीतला नको. ती मुळगावची. तिथल्या लोखंडाच्या खाणीचा लाल गाळ शेतात उतरल्यापासून तिच्या बाबांनी तिथं भात लावणंच सोडलं होतं. दुसऱ्या कुणाच्या शेताची तशीच गत करून आलेला दगड तिला बोटात नको होता.

डिचोलीच्या दुकानात विक्रेत्याने लगेच ट्रे पुढे सरकवला. "हा लॅबमधला, मॅडम. एक ढेकूळसुद्धा उकरावं लागत नाही. शंभर टक्के पर्यावरणपूरक."

गौरवी खूश झाली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या साईशने, तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, तोंड उघडलं. तो मोपाच्या विमानतळावर वीज विभागात होता.

"वीज कसली वापरतात हो?"

"कसली म्हणजे? विजेसारखी वीज, सर."

"तसं नव्हे. हिरा वाढवायला यंत्रं आठवडेच्या आठवडे तापवून ठेवतात. ती वीज कोळशाची असली तर?"

"म्हणजे परत खाणच," गौरवी म्हणाली. तिला साईशचा रागच आला. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच.

विक्रेत्याने कंपनीला फोन लावला. "आमचा प्रत्येक हिरा पृथ्वीवर प्रेम करतो," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. वीज कुठली, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

साईशची आई शेवंतीबाईही सोबत आल्या होत्या. त्यांनी पर्समधून डबी काढून काचेवर आपटली. आत कानातली हिऱ्याची एकच कुडी होती. जोडीची मोरजीच्या समुद्रात गेलेली. ही त्यांनी मोडीत घालायला आणली होती.

"ह्यातला मोठा खडा काढा नि हिच्या अंगठीत बसवा. नवी खाण नको, नवं यंत्र नको. माझं डोकं उठलं गो बाय तुमच्यापुढे!"

"पण काकी, हा तरी कुठल्या खाणीतला..."

"मला काय ठाऊक? आईने दिला, मी घातला. कुणाची जमीन उकरली, ते तिनेही विचारलं नाही नि मीही नाही."

गौरवीने कुडी उजेडात धरली. खडा पिवळसर होता, जरा मळकाही. कुणाची तरी जमीन गेलीच होती. निदान आता आणखी कुणाची जाणार नव्हती.

"बसवा," ती म्हणाली.

"पण मॅडम, जुन्या खड्याचं सर्टिफिकेट..."

"नको!" तिघंही एकदम ओरडली.