डाव्या कानातला कापूस

चन्नप्पाचा डावा कान अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी गेला. आधी घणघण, मग काहीच नाही. मळ असेल म्हणून त्यानं पंधरा दिवस कोमट तेल घातलं. दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा परत येणं आता अवघड. राहिलेला जपा."

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. जाग आली की उजव्या कानाशी बोटं चोळायची, खसखस ऐकू आली की मग उठायचं. चहा पिताना पुन्हा, जिन्यात पुन्हा. टॉवेलच्या कारखान्यात तो तीस वर्षांपासून जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा, आणि बिघाड डोळ्यांआधी कानानं पकडायचा.

काल पुन्हा तपासणी झाली. कागदावर उजव्या कानाच्या ऐकण्याची रेघ शेवटाकडे खाली घसरली होती.

"कारखान्यात कानात काही घालता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय की. रोज कापूस." त्यानं डाव्या कानातला बोळा दाखवला. दुखऱ्या बोटालाच चिंधी बांधतात, एवढाच त्याचा हिशोब.

सोबत आलेल्या बायकोनं, सुकन्यानं, कपाळावर हात मारला. "अहो, मेलेल्याला पांघरूण आन् जित्याला उन्हात? काय माणूस हाय!"

बाईंनी मऊ स्पंजची बुचं दिली. "उजव्या कानात. कापसानं भागत नाही."

आज दुपारपर्यंत बूच खिशातच होतं. ते घातलं की माग मुका होणार, आणि मुक्या मागापुढं जॉबर कसला?

"जॉबर!" सिद्धनाथ विणकर ओरडला. "चार नंबरचा माग धागं तोडतोय. कान लावा की!"

चन्नप्पा सवयीनं वाकला. उजवा कान धडधडत्या मागापासून वीतभर राहिला, तेव्हा ती घसरलेली रेघ आठवली. तो झटक्यानं सरळ झाला.

"माग बंद कर."

"बंद? तुमी कवा माग थांबवून बघितलाय? शिकाऊ झालाव काय?"

"व्हय. आजपासनं." त्यानं बूच चुरगाळून उजव्या कानात बसवलं. ते फुगलं आणि कारखाना लांब गेला. सिद्धनाथचे ओठ हलत राहिले.

माग थांबला तसा त्यानं आडवा धागा नेणारा धोटा काढून अंगठा फिरवला. गुळगुळीत. मग उभे धागे ज्यातून जातात त्या फणीच्या तारा एकेक चाचपल्या. कानाला दोन मिनिटं लागली असती. बोटांना वीस लागली. मधेच एक वाकडी तार टोचली. खात्री पटेना म्हणून पुन्हा चाचपली. तीच.

ती सरळ केली आणि माग सुरू झाला. चन्नप्पा अंगणात गेला, बूच काढलं, बोटं चोळली. आलं ऐकू. कालच्यापेक्षा कमी? पुन्हा चोळली. कळेना.

दारातून सिद्धनाथनं नऊ बोटं दाखवली, आता नऊ नंबरचा माग बिघडला होता. चन्नप्पानं बूच चुरगाळलं, कानात घातलं, फुगेपर्यंत धरून ठेवलं आणि मगच उंबरा ओलांडला.