पिंजऱ्यातला ताप

मी एक जुना पोपट आहे. मित्रांनो, म्हातारा म्हटलेलं मला खपत नाही, म्हणून जुना. माझं आयुष्य केस कापायच्या दुकानात, आरशाशेजारच्या पिंजऱ्यात गेलं. एकाची दाढी झाली की मी ओरडायचो, "चला, पुढचा!" गिऱ्हाइकं खो खो हसायची आणि मालक मला फळाची फोड द्यायचा.

कौतुक भरपूर झालं. सफाई मात्र कुणी मनावर घेतली नाही. पिंजऱ्याखालच्या ताटलीत माझी विष्ठा वाळून जायची. मग मालक ताटली तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारायचा. सगळी धूळ त्याच्याच नाकातोंडात!

एकदा मला बरं वाटेना. मी पिसं फुगवून बसून राहिलो, दाण्याला शिवलो नाही. "रुसलाय लेकाचा," मालक म्हणाला. पुढे तोही तापाने फणफणला. डोकं ठणके, कोरडा खोकला थांबेना. श्वास घेणं जड झालं तेव्हा त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मालकिणीला विचारलं, "घरात पक्षी आहे का?"

"दुकानात पोपट आहे. तोही मलूल झालाय."

एवढ्या उत्तरावर तपासण्या झाल्या, औषध बदललं आणि ताप उतरू लागला. विष्ठेच्या धुळीतून रोगाचे जिवाणू त्याच्या छातीत गेले होते.

हे कळताच मालकाचा भाऊ पोतं घेऊन दुकानात आला. "वहिनी, ही ब्याद आधी बाहेर काढतो!" म्हणत त्याने पिंजऱ्यात हात घातला. अंगात त्राण नव्हतं, तरी मी त्याच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. मालकीण दारात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या भावाला ताप आला तेव्हा त्याला पोत्यात भरलंत का? मग यालाही औषधच मिळेल!"

भाऊजी बोट चोखत निघून गेले. मालकिणीने तोंडाला मास्क लावला, हातमोजे घातले, ताटली आधी भिजवली आणि मगच घासली. जनावरांच्या डॉक्टरांनी मला महिनाभराहून जास्त काळ कडू औषध पाजलं. मी प्रत्येक वेळी भांडलो, पण गिळलं. मालक घरी आला आणि मीही जगलो.

मित्रांनो, मी माफी मागणार नाही. आजार मी हौसेने आणला नव्हता. आम्हाला पाळायचं असेल तर आमची घाण ओली करून काढा, हात साबणाने धुवा, आम्ही खाणं सोडलं तर दवाखान्यात न्या. तुम्हाला ताप आला तर डॉक्टरांना आमच्याबद्दल सांगा. एवढं जमणार नसेल, तर पिंजरा घरी आणूच नका!