टाकीतलं पाणी वापरू नका

आजवर तुम्ही माझ्यावरून बोलत आलात, आज जरा माझंही ऐका. मी एक मोबाईल फोन. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर ज्या बाई बसतात, त्यांचा. कडेचा टवका उडालाय, पाठीवर त्यांच्या लेकीने चिकटवलेलं मांजर आहे, आणि चार्जरची पिन तिरकी धरली तरच पोटात काही जातं. पण रूपावर जाऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखी असंख्य भावंडं सरकत्या पट्ट्यावरून चालली होती, आणि हातमोजे घातलेली बोटं आमच्या पोटात एकेक अवयव बसवत होती. दुकानाच्या काचेआड उभा असताना मी मोठी स्वप्नं पाहायचो. एखादी गायिका मला उचलेल, एखादा खेळाडू मला खिशात घालून जग हिंडेल. नशिबी आली तक्रार खिडकी. तिथे सकाळपासून माणसं एकच प्रश्न विचारायची, "पाणी कधी येणार?" बाई एकाला उत्तर द्यायच्या, की त्याच्या मागचा, ज्याने ते उत्तर दोन्ही कानांनी ऐकलेलं असायचं, तो पुढे होऊन तेच विचारायचा.

एके दिवशी साहेबांनी जाहीर केलं, की आता आपल्या कार्यालयाचं सोशल मीडियावर पेज हवं. हे सांभाळणार कोण, म्हणताच ज्याला त्याला अचानक फाईल आठवली. बाई तेवढ्या वर बघत होत्या, म्हणून ते लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं.

पहिली सूचना साहेबांनीच लिहून दिली. "तांत्रिक कारणास्तव पूर्व विभागातील पाणीपुरवठा अंशतः खंडित राहील, याची नागरिकांनी नोंद घ्यावी." बाईंनी ती घरी नेऊन सासूबाईंना कौतुकाने दाखवली. सासूबाईंनी चष्मा चढवून मला नाकाशी धरलं.

"अगं, पण नळाला पाणी येणार की नाही?"

"नाही येणार, आई."

"मग तसं लिही की. नोंद काय घ्यायची त्यात? मी बादल्या भरू का नको, एवढं सांग."

बाईंना ते पटलं. त्या दिवसापासून त्यांनी एक पद्धत ठेवली. कुठलीही सूचना आधी घरच्या ग्रुपवर जाणार, सासूबाईंचं "समजलं, पाठव" आलं की मगच ती शहराच्या पेजवर चढणार. सासूबाईंनी 'अंशतः' आणि 'तांत्रिक कारणास्तव' या दोघांना हद्दपार केलं. बिनपगारी संपादक होत्या त्या, आणि पगारी असत्या तरी याहून कडक झाल्या नसत्या.

हळूहळू बाईंचा हात बसला. पाईप फुटला की त्या स्वतः खड्ड्यापाशी जायच्या, चिखलात उतरलेल्या फिटरचा फोटो काढायच्या आणि खाली लिहायच्या, "हे लोक सकाळपासून इथे आहेत, संध्याकाळपर्यंत पाणी सुरू करतो म्हणतात." लोकांचा राग अर्धा तिथेच उतरायचा. दिसणाऱ्या माणसावर ओरडणं जरा जड जातं, हे मला तेव्हा कळलं.

तरी ओरडणारे होतेच. त्यांत एक गृहस्थ पेजवर 'रोखठोक' या नावाने यायचे. "पाणी येतंय, का नुसती पाण्याची बातमीच येतेय?" असं काहीतरी खोचक प्रत्येक सूचनेखाली टाकल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसावा. मी बाईंच्या जागी असतो तर त्यांना केव्हाच ब्लॉक केलं असतं. बाई मात्र त्यांनाही उत्तर द्यायच्या, इतरांना देतात तसंच, आणि त्यांची तक्रार रास्त असली तर फिटरला पाठवायच्या. बरेचदा ती रास्त असायची, हे मला कबूल करावं लागेल.

बाहेरगावच्या पाणीखात्यातल्या लोकांचा एक ग्रुप होता, त्यातही बाई होत्या. आमच्या फिटरला एक गळती काही केल्या सापडत नव्हती. बाईंनी ग्रुपवर विचारलं. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, कधी न पाहिलेल्या एका फिटरने सांगितलं, "लोखंडी कांब जमिनीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाला कान लावा. पाणी बोलतं." आमच्या फिटरने आधी नाक मुरडलं, मग कान लावला, आणि गळती सापडली. तेव्हापासून तो त्या अनोळखी माणसाला गुरुजी म्हणतो.

घरच्या गोष्टी मात्र बाई घरापुरत्याच ठेवायच्या. लेक शर्यतीत पहिली आली तेव्हा बाईंनी फोटो काढला आणि विचारलं, "टाकू का गं?" लेक म्हणाली, "नको, त्यात मी घामाघूम आहे." विषय संपला. तो फोटो अजून माझ्याच पोटात आहे. रविवारी सासूबाई माझ्यावरून दूर राहणाऱ्या मुलीशी, म्हणजे बाईंच्या नणंदेशी, व्हिडिओवर बोलत तिला शिवण शिकवायच्या. तेव्हा मला पिठाच्या डब्याला टेकवून उभं करायचे आणि घरातल्या सगळ्यांनी पंखासुद्धा विचारून लावायचा, कारण पंख्याच्या आवाजात नणंदेला ऐकू येत नसे. अशा बाईच्या हाती पडलो म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होतो. आणि नेमकं त्याच बाईंच्या हातून ते घडलं.

त्या दिवशी बाईंच्या नवऱ्याने घराच्या गच्चीवरची टाकी धुऊन त्यात जंतू मारायचं औषध ओतलं, आणि कामावर पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की मापापेक्षा बरंच जास्त पडलंय. त्याने बाईंना फोन केला. बाई तेव्हा बाजारपेठेत पाणी कमी दाबाने येणार असल्याची सूचना लिहीत होत्या आणि साहेब बैठकीला बोलावत होते. बाईंनी घाईने ती सूचना आणि घरच्या ग्रुपसाठी निरोप, दोन्ही लिहिले आणि दोन्ही पाठवले. कमी दाबाची सूचना घरी गेली. आणि शहराच्या पेजवर, सगळ्या जगासमोर, हे चढलं:

"टाकीतलं पाणी वापरू नका. औषध जास्त पडलंय. मी सांगेपर्यंत नळ सोडू नका."

घरी सासूबाईंनी कमी दाबाची सूचना वाचली. नेहमीप्रमाणे तपासायला आली असणार, असं समजून त्यांनी लिहिलं, "समजलं, पाठव." बाईंनी त्यातलं 'समजलं' तेवढं पाहिलं, मला ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि त्या बैठकीला गेल्या.

मी ड्रॉवरमध्ये थरथरून थरथरून पंचिंग मशीनवर आपटत होतो. मला सगळं दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. लोकांनी त्या मजकुराचे स्क्रीनशॉट काढून दहा दिशांना धाडले. खानावळवाल्याने चुलीवरचं शिजलेलं अन्न ओतून दिलं. शाळेने मुलांना घरी सोडलं. दातांच्या डॉक्टरने एका पेशंटला आ वासलेल्या अवस्थेतच खुर्चीवरून उठवलं. बैठकीच्या दारावर लोक येऊन धडकले, तेव्हा कुठे बाईंनी मला बाहेर काढलं. पेजवर आपल्याच घरचा निरोप त्यांनी दोनदा वाचला.

साहेबांनी दार लावून घेतलं. "काढून टाका ते. आणि लिहा, पेज हॅक झालं होतं. हल्ली सगळ्यांचीच होतात."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. एका ओळीत बाईंची नोकरी वाचत होती, अब्रू वाचत होती. बाईंनी मला हातात घट्ट धरलं होतं.

"साहेब, हॅक झालं म्हटलं, तर उद्या आपण खरंखुरं काही लिहिलं तरी लोक म्हणतील, हे कोणी लिहिलं कोणास ठाऊक. मग ते पेज असून नसल्यासारखंच."

"आणि खरं सांगितलंत, तर लोक तुम्हाला फाडून खातील."

"खाऊ देत. निदान पाणी तरी पितील."

"मग तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणून साहेबांनी हात झटकले.

बाईंनी तो मजकूर पुसला नाही. पुसून उपयोग नव्हता, तो गावभर झाला होता. त्याच्याच वर त्यांनी लिहिलं, की ही चूक माझी आहे, हा माझ्या घरचा निरोप होता, शहराचं पाणी चांगलं आहे. मग ज्या ज्या ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट गेला होता, तिथे तिथे त्यांनी ओळखीपाळखीतून हा खुलासाही पोहोचवला. आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई, टाकीतलं पाणी वापरलंत का?"

"म्हणजे काय! तुझी जांभळी चादर भिजवली सकाळीच. तिला काय झालंय बघ, ठिकठिकाणी पांढरी पडलीये."

"तुम्ही ती चादर घेऊन सगळ्यांसमोर उभ्या राहाल?"

"थांब, केस विंचरते."

बाईंनी मला घेऊन जलशुद्धीकरण केंद्र गाठलं आणि तिथून थेट प्रक्षेपण सुरू केलं. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सगळ्यांदेखत पाणी तपासलं, बाईंनी तोच पेला तोंडाला लावला. मग घरून सासूबाई प्रक्षेपणात आल्या, दोन्ही हातांनी चादर पसरून.

"ही बघा. हे आमच्या टाकीतल्या औषधाने झालं. तुमच्या नळाचा यात काही दोष नाही. दोष सुनेचा आहे, तो ती कबूल करतेच आहे. आता नळ सोडा आणि कामाला लागा."

शहर हसलं, आणि नळ सुटले. बाई दुसऱ्या दिवशी खानावळवाल्याकडे आणि शाळेत स्वतः जाऊन माफी मागून आल्या. बोलणी खावी लागलीच. साहेबांनी लेखी समज दिली. 'रोखठोक' यांनी आधी लिहिलं होतं, "घरची धुणी शहराच्या पेजवर!" संध्याकाळी त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ टाकली. "निदान कबूल केलंत. हॅक झालं म्हणाला असतात तर हे पेज सोडणार होतो."

लोक विसरले, बाई विसरल्या नाहीत. आता त्या काहीही पाठवण्याआधी वर कोणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचायच्या. लेक हसायची, पण वाचायच्या.

पुढच्या वर्षी रस्ता खणणाऱ्या यंत्राने खालच्या वस्तीकडे जाणारी पाण्याची वाहिनी फोडली आणि तिच्या शेजारची सांडपाण्याचीही. प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाजच सांगत होता. पाणी खराब झालं होतं आणि थोड्याच वेळात वस्तीच्या नळांना जाणार होतं.

बाईंची बोटं माझ्यावर आली आणि थांबली. काय लिहायचं होतं ते त्यांना ठाऊक होतं. तेच, नळ सोडू नका. आणि लोक काय म्हणणार, तेही ठाऊक होतं. एकदा लांडगा आला म्हणून झालं होतं. या वेळी कोणी ऐकलं नाही, तर लहान मुलं आजारी पडणार होती. बाईंनी कच्चा मजकूर घरी पाठवला. सासूबाईंचं उत्तर लगेच आलं.

"यात 'कार्यालय कळवते' काढ. तू सांगते आहेस, असं लिही. कार्यालयाला कोण ओळखतं?"

मग पेजवर गेलं ते असं: "मागच्या वेळी चूक माझी होती. आज चूक नाही. पाण्याची तपासणी झाली आहे, त्यात सांडपाणी मिसळलंय. खालच्या वस्तीतल्या लोकांनी नळ सोडू नका. टँकर निघालेत."

पहिली प्रतिक्रिया आली. "आज कुठली चादर, ताई?" तिच्याखाली हसरे चेहरे, एकामागून एक. बाईंनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत मला माझ्या पडद्याची लाज वाटली नव्हती, ती त्या क्षणी वाटली.

मग 'रोखठोक' आले.

"हसू नका. या बाई चुकल्या की चुकले म्हणतात. आज नाही म्हणतायत. मी नळ बंद केलाय. आमच्या वस्तीत फोन नसलेली म्हातारी माणसं कोणकोणत्या घरात आहेत, इथे लिहा. मी दारं वाजवायला निघालोय."

हसरे चेहरे थांबले. कोणी लिहिलं, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. कोणी लिहिलं, पिठाच्या गिरणीमागचे आजोबा, त्यांना ऐकू कमी येतं, जोरात वाजवा. खानावळवाल्याने लिहिलं, मी वरच्या टोकाकडून सुरू करतो. टँकर पोहोचले तेव्हा वस्तीत एकही नळ सुटलेला नव्हता. कोणी आजारी पडलं नाही. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि त्या तोंडावर पदर धरून रडल्या. साहेबांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

दुसऱ्या दिवशी 'रोखठोक' यांची तक्रार आली, की टँकरवाला फार जोरात हॉर्न वाजवतो. बाईंनी उत्तर लिहिलं, विचारते त्याला.

आता माझी रजा झाली. माझ्याशेजारी नवा फोन पडलाय आणि माझ्या पोटातलं सगळं त्याच्यात ओतलं जातंय, शर्यतीचा तो फोटोही. मला वाईट वाटत नाही. लोक म्हणतात, फोनमुळे माणसं माणसांपासून तुटली. म्हणोत. माझ्यावर रात्रंदिवस डोळे लावून बसणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांचा मला कधी अभिमान वाटला नाही. माझा जन्म सार्थकी लागला तो त्या दुपारी, जेव्हा एका फटकळ माणसाने माझ्यासारखाच एक फोन खिशात घातला आणि शेजाऱ्यांची दारं वाजवत सुटला.