परतीच्या यादीतला सर्व्हर

साखरपुडा मोडला की दिलंघेतलं परत करायचं, एवढी साधी गोष्ट. पण जयंतीचे मामा बालाजीराव त्यासाठी वहीच घेऊन उन्मेषच्या खोलीवर आले. तंजावरकडची जुनी मंडळी. कागदाशिवाय नातं जोडत नाहीत आणि तोडतही नाहीत. शालू, अंगठी, चांदीचा करंडा, वहीत एकेका नोंदीपुढे खुणा झाल्या. शेवटी चष्मा वर सारून, तमिळ रीतीनं त्याला धाकटा भाऊ करत ते म्हणाले, "आणि तो सर्व्हर, तंबी. त्यात तुझं नाव नको म्हणती ती."

जयंती अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिच्या पेशंटांना वेळ नोंदवता यावी म्हणून उन्मेषनं साखरपुड्याच्याच महिन्यात वेबसाइट बांधून दिली होती. लोक हिरा देतात, यानं सर्व्हर दिला. पुढे कंपनीनं पुण्याला बदली विचारली, आणि हा तिला न विचारताच 'जातो' म्हणून मोकळा झाला. मग ती नाही म्हणाली, ती कायमची.

त्याचं नाव, म्हणजे खातं, सर्व्हरवरून काढायचं तर पुढचं सगळं तिलाच जमायला हवं. तिच्या लॅपटॉपवर ब्राउझरखेरीज काही उघडत नसे. म्हणून उन्मेषनं ब्राउझरमध्येच उघडणारं टर्मिनल बसवायला घेतलं. लिंक उघडायची, पासवर्ड द्यायचा, काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा. सर्व्हर कुठं का असेना, ऐकतो. अर्ध्या तासाचं काम त्यानं चार दिवस पुरवलं. त्यातले दोन दिवस अक्षरांचा रंग निवडण्यात गेले.

शनिवारी सकाळी चाचणी. नुंगंबाक्कमच्या खोलीत हा, तिकडे घरी ती, असं ठरलेलं. दोघांना एकच पडदा दिसेल, एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईल, अशी सोय त्यानं मुद्दाम केली होती. शिकवायला बरं पडतं, असं त्यानं स्वतःलाच पटवलं होतं.

पलीकडून एक अक्षर आलं. बऱ्याच वेळानं दुसरं. मग ते खोडलं गेलं. एरवी वाऱ्यासारखी टाइप करणारी जयंती अशी अडखळतेय म्हणजे रडत असणार, असा निकाल उन्मेषच्या मनानं दिला आणि बोटं सुटलीच. 'जयंती, पुणं रद्द करतो. परत येऊ का?'

'जयंती' नावाची कमांड सापडत नाही, असं सर्व्हरनं कळवलं.

मग पलीकडून उमटलं: वाय. ई. एस.

या सर्व्हरला 'येस' म्हटलं की कुणी थांबवेपर्यंत तो ओळीमागून ओळ वाय छापत सुटतो. नव्या पोरांना उन्मेष हे हसत हसत शिकवायचा. आता पडदाभर वाय कोसळत होते आणि हा शहाणा डोळे भरून ते बघत बसला होता. मग त्यानं तिला फोन लावला.

"हां, तंबी," बालाजीराव म्हणाले. "का रे हे वाय वाय करतंय? तूच लिहून दिलंस ना, काही विचारलं तर येस घाला म्हणून."

दिलं होतं लिहून. सूचनांमध्ये, तिसऱ्या ओळीत.

"जयंती कुठंय, मामा?"

"टी. नगरला गेली, रम्या मैत्रिणीच्या संगती. फोन माझ्याकडे ठेवून." मामा घुटमळले. "तू लिहिलेलं वाचलं मी. आता वर गेलं ते, दिसत नाही. सांगू तिला?"

"तिनं जाताना माझं काही विचारलं?"

"विचारलं. संध्याकाळपर्यंत नाव निघंल ना, म्हणून."

"मग नका सांगू."

त्यानं कंट्रोल आणि सी दाबून वाय थांबवले. "मी आत बसलो असताना माझं नाव निघत नाही, मामा. मी बाहेर पडतो. मी सांगतो तसं तुम्ही लिहा."

त्यानं लॉग-आउट करून लॅपटॉप मिटला. एकेक अक्षर सांगत त्यानं हुकूम लिहून घेतला. मधे पासवर्डही झाला.

"आता माझं नाव. यू."

"अम्ब्रेलाचा?"

"हो. मग एन."

"सरि, घातलं. पुढं?"

मामा एका बोटानं अक्षर शोधत होते, सापडलं की मोठ्यानं म्हणत होते. एम. ई. एस. एच. "झालं. एंटर घालू, तंबी?"

उन्मेषनं मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला.

"घाला."

कळ वाजली.

"काय म्हणतंय, मामा?"

"काहीच नाही रे. गप्प अहे. परत घालू?"

"नको. काम झालं की ते काही बोलत नाही."