नेरेयाचा डावा गुडघा

नेरेया आमच्याकडे राहायला आली तेव्हा चौतीस वर्षांची होती, उंची सहा फूट पाच इंच. सिडनीतल्या एका बास्केटबॉल क्लबने तिला दोन सीझनसाठी स्पेनहून बोलावलं होतं. तिला अपार्टमेंट नको होतं, अंगण हवं होतं. आम्ही सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात राहतो. आमचा मुलगा शौनक नोकरीसाठी डार्विनला गेल्यापासून मागच्या अंगणातलं एका खोलीचं घर, इथे त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, रिकामंच होतं. माझ्या नवऱ्याने, बाळने, तिला एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पलंग लांब करायला फळ्या घेऊन आला.

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी तीस वर्षं वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओ होते. माणूस चालताना माझं लक्ष आधी गुडघ्यांकडे जातं. पायरी उतरताना ती डावा पाय जपून टाकते, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. विचारलं मात्र नाही.

रविवारी ती आमच्याकडे जेवायची. आमटी तिला फार आवडायची, वाटीने प्यायची. त्या जेवणांमधून तिची सगळी हकिगत कळली. उत्तर स्पेनमधलं समुद्राकाठचं लहानसं गाव, आई लवकर गेलेली, वडील बसड्रायव्हर, त्यांचं नाव पाची. चौदाव्या वर्षी ती वडिलांपेक्षा उंच झाली. शाळेतल्या कोचने तिला टीममध्ये घेतलं, सतराव्या वर्षी तिने घर सोडलं, एकोणिसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये खेळायला लागली. तीनदा चॅम्पियनशिप, नऊ वर्षं स्पेनच्या टीममध्ये, युरोपातली दोन मेडल्स. मधे पोलंड, मग तुर्कस्तान. सव्विसाव्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन. हे शेवटचं तिने पाणी मागावं तितक्या सहज सांगितलं.

टीममध्ये ती सेंटरच्या जागी खेळायची. सेंटर म्हणजे काय करते, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, बहुतेक वेळ मी उभी राहते. बास्केटखाली धक्के खात जागा धरून ठेवते, म्हणजे माझ्या आडोशाने दुसरीला मोकळं होता येतं. चुकलेला बॉल परत आला की तो माझा. बाळ मॅचला जाऊन बॉलकडे बघायचा. मी तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा मला खेळ कळायला लागला.

पाची प्रत्येक मॅच बघायचे. आमच्याकडे रविवारची संध्याकाळ असायची तेव्हा तिकडे सकाळ. डेपोत बस काढायच्या आधी ते फोन समोर ठेवून बसत.

दुसऱ्या सीझनमध्ये, नोव्हेंबरातल्या एका मॅचला, ती उंच उडी मारून बॉल घेऊन खाली उतरली आणि तिथेच बसली. डाव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. डॉक्टरांनी बराचसा भाग काढून टाकला. क्लबचा फिजिओ होता, तरी ती रोज सकाळी आमच्या गराजमध्ये यायची. बाळने गाडी बाहेर लावायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस ती मी सांगितलेला व्यायाम करून निघून जायची. एकदा मात्र म्हणाली की आयुष्यभर माझ्या उंचीचा कुणाला तरी उपयोग होता, आता मी नुसती जागा अडवते. मी तिला म्हटलं, पाय उचल, अजून दहा वेळा.

जानेवारीत तिला स्पेनहून फोन आला. तिच्या गावापासून वीस मिनिटांवरच्या क्लबला ती दोन वर्षांसाठी हवी होती. शेवट घरच्या लोकांसमोर व्हावा, हे तिचं जुनं स्वप्न. पाचींनी सगळ्या डेपोला सांगूनही टाकलं होतं. त्या रविवारी ती जेवायला आली तीच हसत. मग ताट पुढे असताना तिने विचारलं,

"नीला, फिजिओ म्हणून सांग. मी खेळू शकेन?"

"खेळशील. एक वर्ष, फार तर दोन. पण पंचेचाळिशीत जिना चढायला तुला कठडा धरावा लागेल."

"आणि मैत्रीण म्हणून?"

"तेच सांगेन."

ती उठून गेली. बाळ मला म्हणाला की तुला इतकं तोडून बोलायची काय गरज होती. तीन दिवस ती बाजूच्या गेटने आली-गेली, गराजकडे फिरकली नाही. मी मॅट रोज अंथरून ठेवायचे आणि परत गुंडाळायचे. आपण एखाद्याची उमेदच काढून घेतली की काय, असं वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी ती येऊन मॅटवर बसली. डोळे सुजलेले होते. वडिलांना फोन केला होता म्हणाली. ते चिडतील, निदान हिरमुसतील, अशी तिची खात्री होती. पण त्यांनी एवढंच विचारलं की आत्ता दुखतंय का. ती हो म्हणाली. कधीपासून? नऊ वर्षं, ती म्हणाली. मग ते म्हणाले, "शेवटची मॅच तिकडेच खेळ. मी येतो."

पाची तोपर्यंत विमानात कधी बसले नव्हते. फेब्रुवारीत आले ते इस्त्री केलेला शर्ट घालून, घरून आणलेला चीजचा डबा एअरपोर्टवर काढून घेतला म्हणून वैतागलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बाळशी त्यांचं कसं जमलं कोण जाणे, पण दोघं रोज गाडी घेऊन भटकायचे आणि जेवणाच्या वेळेला हजर व्हायचे.

शेवटच्या मॅचला कोचने नेरेयाला सात मिनिटं खेळवलं. तिने एकच बास्केट केलं. बाकीचा वेळ ती पाय रोवून उभी होती आणि तिच्या आडून पोरी सुटून जात होत्या. ती बाहेर आली तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. पाचींनी बाळचा दंड घट्ट धरला आणि स्पॅनिशमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. बाळ गडबडून मराठीतच "हो, हो" म्हणाला. दोघांचेही डोळे भरले होते.

एप्रिलमध्ये बापलेक परत गेले. तिच्या गावाजवळच्या त्याच क्लबने तिला मुलींची कोच म्हणून ठेवून घेतलं. मागच्या रविवारी तिचा फोन आला. चार मॅच हरल्यावर पाचवी जिंकली होती, ओरडून आवाज बसला होता. ती सांगत होती आणि मागून पाचींचं काहीतरी चाललं होतं. मी विचारलं, काय म्हणतायत?

"सूप गार होतंय म्हणतायत," ती म्हणाली, आणि फोन ठेवून जेवायला गेली.