भाऊसाहेबांच्या पदकाचा सिनेमा

आमच्या फरीदाबादच्या घरात, शोकेसमध्ये, एक पदक आहे. माझ्या सासऱ्यांना, भाऊसाहेबांना, कॅमेरामन म्हणून मिळालेलं. त्या काळी कृष्णधवल आणि रंगीत छायाचित्रणाला वेगळे पुरस्कार असत, हा कृष्णधवलचा. पण तो सिनेमा त्यांच्याशिवाय घरात कुणीच पाहिलेला नाही. प्रिंट हरवली ती हरवलीच. वरातीचा फोटो आहे पण नवरदेव नाही, असं मी चिडवायचे.

यंदा प्रिंट सापडली. दुरुस्त करून दिल्लीत, मंडी हाउसच्या एका सभागृहात दाखवणार होते. जयदीप, माझा नवरा, नाचायचाच बाकी होता. भाऊसाहेबांना मात्र घास जाईना.

"तेवढं चांगलं नसलं तर?" ते मला म्हणाले. "आयुष्यभर त्या पदकावर मान ताठ ठेवली, चेतना. आता मला दिसत नाही. जयदीप गोड बोलेल. तू खरं सांगशील."

काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय. आणि माझ्या जिभेला घरात सगळे टरकून असतात. मी हो म्हटलं, पण सिनेमा खरंच वाईट निघाला तर? मला खोटं बोलता येत नाही.

मेट्रोत ते सांगत राहिले. "विहिरीचा सीन बघ. मोठे लाइट नव्हते. कुमुदच्या पांढऱ्या चादरी ताणून बांधल्या आणि ऊन त्यांवरून चेहऱ्यावर घेतलं." सासूबाई त्या चादरींसाठी शेवटपर्यंत हळहळल्या.

सिनेमा सुरू झाला. मी इमानदारीत कानात सांगू लागले. "बैलगाडी आहे. आता बाई चालतेय. ठीक आहे, एवढं काही नाही." भाऊसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग विहीर आली. बाई घागर ठेवून वर बघते, एवढंच. पण तो उजेड तिच्या चेहऱ्यावर आला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नुसतं काळं-पांढरं, तरी तिच्या गालाची ऊब मला जाणवली. माणसाच्या चेहऱ्यात एवढं असतं? आणि हे चहा गार झाला म्हणून रोज कुरकुरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यानं केलं होतं!

"आली का विहीर?"

मी पडद्याकडे बघतच राहिले.

"वाईट आहे का गं? सांग ना."

"भाऊसाहेब, प्लीज, गप्प बसा! बघू द्या मला!"

पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले. पडद्याच्या उजेडात ते हसताना दिसले, आणि सिनेमा संपेपर्यंत त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.