रूपाची घागर

"अभिमनभाऊ, द्या इकडे ती बशी. सांडाल!"

ज्योती मॅडम ओरडल्या तसा अभिमन भानावर आला. शिरपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बशा धुण्यापुसण्यात त्याची हयात गेली, पण हातातली बशी अशी कधी कलली नव्हती. कलणार नाही तर काय! त्या बशीत त्याची बायको होती.

आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? तर ऐका. दोन वर्षांपूर्वी धुळ्याला रूपाच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. कॅन्सरच होता. मॅडमनी आधीच येऊन विचारलं होतं, गाठीचा तुकडा अभ्यासाला द्याल का? रूपाने खाटेवरूनच अहिराणीत होकार दिला, "लई जा वं माय! माले काय तिनं लोणचं टाकनं शे?" मॅडमना हसावं की रडावं कळेना. तो तुकडा बर्फाच्या डब्यात घालून अभिमननेच एसटीने, मांडीवर धरून शिरपूरला आणला.

रूपा काही वाचली नाही. तिच्या पेशी मात्र इथे वाढल्या. मॅडम त्या जेलीत कालवायच्या आणि यंत्राच्या सुईतून थरावर थर सोडायच्या, कुरडया पाडाव्यात तशा. त्यातून मसुराएवढी गाठ तयार व्हायची, अंगातल्या गाठीसारखीच जिवंत. औषधं माणसाला देण्याआधी तिच्यावर तपासायची.

पहिल्यांदा ते यंत्र चालताना पाहिलं, तेव्हा अभिमनला घरची गच्ची आठवली. चैत्राचं ऊन, रूपा सोऱ्या पिळतेय, आणि हा कुरडया वाळत घालायच्या सोडून गरम चीकच मटकावतोय. "पोट शे का कोठार?" म्हणून ती ओरडायची, आणि पुढची वाटी साखर घालून तीच आणून द्यायची. काय दिवस होते ते!

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं, की ती अजून आहे. सकाळी पेशी ठेवलेल्या उबेच्या कपाटाचं दार उघडलं की तो तिला घरचं सगळं सांगायचा. लेकाची, कुंदनची पोरगी चालायला लागली, शेजारचा तोताराम पुन्हा भांडला, लिंबाला बहर आला.

म्हणून तर गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने तिची घागर भरली नाही. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजोरी ठेवायची, निखाऱ्यावर घास टाकायचा, ही खानदेशची रीत. थोरली बहीण तानुबाई जाम भांडली.

"येडा व्हई गया का तू? उपाशी ऱ्हाई ना ती!"

"जित्ता माणूसनी घागर भरतस का, अक्का?"

अक्काने कपाळावर हात मारून घेतला.

आणि आता उद्या पुन्हा आखाजी. गोठवून ठेवलेल्या पेशी संपल्या होत्या, नव्या वाढत नव्हत्या, ही शेवटची बशी. तिच्यात नवं औषध घातलेलं. रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी हिरवी दिसते, मेलेली लाल. औषध लागू पडलं तर सगळं लाल होणार. अभिमन मनात म्हणत होता, न पडो लागू. असं मागताना त्याची त्यालाच लाज वाटली. धुळ्याच्या वॉर्डातल्या सगळ्या बाया डोळ्यांपुढे आल्या, कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या कुशीत लेकरू. तरी मेला मागतच राहिला.

मॅडमनी डोळा लावला. बशी इकडून तिकडे सरकवून पाहिली. मग म्हणाल्या, "भाऊ, या. बघा."

सगळं लाल होतं. एखादा तरी हिरवा ठिपका असेल म्हणून अभिमनने कानाकोपरा धुंडाळला. एकही नव्हता.

"मॅडम, हे औषध तेव्हा असतं तर?"

"नाही सांगता येत, भाऊ. बशीत जमलं ते अंगात जमेलच असं नाही. खूप तपासायचंय अजून." त्यांनी वही ओढून तारीख लिहिली. "पण इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं. वहिनींमुळे आलं."

वापरलेली बशी निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात टाकायचं काम अभिमनचं. मॅडम म्हणाल्या, आज मी करते. तो नको म्हणाला. त्याने बशी आत ठेवली, झाकण आवळलं आणि तिथेच स्टुलावर बसून पोटभर रडला. रूपा गेली तेव्हाही इतका रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः घागर भरली. अक्का सांजोऱ्या घेऊन आली, निखारे पुढे केले.

"नाव ली सन घास टाक."

अभिमन अडला. उभ्या संसारात त्याने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. "अवं" म्हटलं की ती यायची. चारचौघांत तर कुंदनची माय. अक्का थांबली. निखाऱ्यावर राख चढायला लागली.

"रूपा," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं, "रूपा, जेवाले ये."